इंग्रजीचा गुण कीं शेजाराचा?

शाळाप्रवेशाचा हंगाम जवळ आला कीं आमच्या कचेरींत दरवर्षीं एक ठराविक मागणी येऊं लागते. गेल्या आठवड्यांत आमचे एक जुने वाचक, भुसार मालाचे सचोटीचे व्यापारी, आम्हांस भेटावयास आले. आणि पाऊसपाण्याच्या चार गोष्टी झाल्यावर त्यांनीं हळूच विचारलें कीं, अमुक कॉन्व्हेंटच्या मुख्य सिस्टरांची व आपली ओळख आहे काय? नातवास तेथें घालावयाचें आहे. दोन ओळींची चिठ्ठी मिळाली तर उपकार होतील. आम्हीं म्हटलें, "शेटजी, आपल्या घरापासून दोनशें पावलांवर मराठी शाळा आहे. तिच्या इमारतीस आपल्याच वडिलांनीं देणगी दिली. तसा दगड दारावर बसविलेला आहे. मग चार मैलांवरचें कॉन्व्हेंट कशाला?" शेटजी म्हणाले, "इंग्रजीसाठीं हो! दुसरें काय?" चिठ्ठी आम्हीं दिली नाहीं, कारण सिस्टरांची आमची ओळख नव्हती. परंतु शेटजींचें उत्तर मनांत घोळत राहिलें, आणि आज त्याचाच थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें उत्तर शेटजींचें एकट्याचें नाहीं, आमच्या सर्व नागरवस्तीचें आहे. पुण्याचें सेंट व्हिन्सेंट १८६७ सालीं निघालें, मुंबईचें सेंट झेवियर कॉलेज १८६९ सालीं. तेव्हांपासून आजतागायत कॅथॉलिक पंथाच्या शाळांविषयीं आमच्या लोकांच्या मनांत जो आदर आहे तो रतिभर कमी झालेला नाहीं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत असें दिसून आलें कीं, देशांतील ख्रिस्ती अल्पसंख्याकांच्या शाळांत शेंकडा सुमारें ७४ मुलें ख्रिस्तेतर होतीं. शाळा चालविणारा समाज एक आणि तिच्या दारांत रांग लावणारा समाज दुसरा, असा हा प्रकार आहे. रांगेंतल्या कोणासही विचारा, तो इंग्रजीचें नांव घेईल. निकाल चांगला लागतो, मुलास वळण लागतें, तो वेळेवर उठतो, नखें कापतो, वह्यांस कव्हरें घालतो, हें सर्व त्या एका भाषेचेंच फळ, अशी त्याची दृढ समजूत असते.

दोन जिन्नस मिसळलेले असले म्हणजे भाव कोणत्या जिनसेस आहे हें कळण्यासाठीं एक बाजूस काढून दुसरा एकटाच तागडींत घालावा लागतो, हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. आपल्याकडे ही परीक्षा कठीण, कारण शहरांतून कॉन्व्हेंट आणि इंग्रजी या दोन वस्तु एकाच पोत्यांत भरलेल्या आहेत. अमेरिकेंत मात्र ती अनायासें झालेली आहे. तेथें सरकारी शाळा इंग्रजी, श्रीमंतांच्या खासगी शाळा इंग्रजी आणि कॅथॉलिकांच्याही इंग्रजीच. भाषेचें वजन तिन्ही पारड्यांत सारखें. तरीही कॅथॉलिक शाळांचें पारडें खालीं जात असेल, तर त्याचें कारण भाषा नव्हे, दुसरें कांहीं आहे, हें उघड होतें. म्हणून वाचकांनीं थोडा वेळ आमच्याबरोबर त्या दूरच्या देशांत यावें अशी विनंति आहे.

त्या शाळा निघाल्या त्या अपमानांतून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडांतून आणि जर्मनींतून उपाशी लोकांचे तांडे अमेरिकेच्या बंदरांत उतरले. त्यांत पुष्कळ कॅथॉलिक होते. तेथील सार्वजनिक शाळा नांवाला सर्वांच्या, पण त्यांत प्रॉटेस्टंट पंथाचें बायबल वाचलें जाई आणि क्रमिक पुस्तकांतून पोपाची निंदा असे. न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांनीं १८४० पासून त्याविरुद्ध झगडा मांडला. फिलाडेल्फियांत १८४४ सालीं याच वादावरून दंगे होऊन कॅथॉलिकांचीं देवळें जाळलीं गेलीं. शेवटीं १८८४ च्या हिंवाळ्यांत बाल्टिमोर येथें सर्व बिशपांची परिषद भरली आणि प्रत्येक धर्मग्रामानें, म्हणजे एका चर्चच्या आसपासच्या वस्तीनें, दोन वर्षांच्या आंत स्वतःची शाळा काढावी असा ठराव झाला. (त्याच सालच्या ऑक्टोबरांत पुण्यांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली होती. हा योगायोगच खरा. पण त्याकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे.) ऑरेगॉन संस्थानानें १९२२ सालीं कायदा करून सर्व मुलांस सरकारी शाळेंतच घालण्याची सक्ति केली, तेव्हां धर्मभगिनींच्या एका संस्थेनें दावा लाविला आणि १९२५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायदा रद्द ठरविला. १९६५ च्या सुमारास या शाळांची भरभराट कळसास पोंचली: सुमारें तेरा हजार शाळा आणि बावन्न लक्ष मुलें. सरकारी तिजोरींतून कांहीं अपवाद वगळतां या शाळांस पैसा मिळत नव्हता. गिरणींतल्या आणि गोदींतल्या मजुरांनीं चर्चच्या थाळींत टाकलेल्या नाण्यांवर हें सर्व उभें राहिलें.

आतां मुलांच्या यशाकडे वळूं. जेम्स कोलमन नांवाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. १९६६ सालीं सरकारच्या आज्ञेवरून त्यांनीं सुमारें चार हजार सरकारी शाळांची पाहणी केली, आणि इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह यांपेक्षां मुलाच्या घरच्या परिस्थितीचाच परिणाम त्याच्या अभ्यासावर अधिक होतो असें सांगून शिक्षणखात्यास धक्का दिला. १९८० सालीं हजाराहून अधिक माध्यमिक शाळांतील सुमारें अठ्ठावन्न हजार विद्यार्थ्यांची दुसरी पाहणी झाली. तिच्या आधारें कोलमन व त्यांचे सहकारी यांनीं कॅथॉलिक शाळांतील मुलें बरोबरीच्या स्थितींतील सरकारी शाळांच्या मुलांपेक्षां अभ्यासांत पुढें दिसतात असें म्हटलें, आणि मोठें वादळ उठलें. पण आमच्या मतें परीक्षेच्या गुणांहून महत्त्वाचा आंकडा निराळाच आहे. पुढील दोन वर्षांत किती मुलांनीं शाळा अर्ध्यावर सोडली हें पाहतां सरकारी शाळांत शेंकडा सुमारें चौदा, कॅथॉलिक शाळांत साडेतीनच्या आंत, आणि इतर खासगी शाळांत सुमारें बारा असें प्रमाण निघालें.

शेटजींनीं हा तिसरा आंकडा नीट पाहावा. या इतर खासगी शाळा म्हणजे बहुधा भरपूर फीच्या, उंची गणवेषाच्या, निवडक घरांतील मुलांच्या. तेथें इंग्रजी होतें, पैसा होता, शिक्षक होते. तरी गळती सरकारी शाळांच्या जवळपासच राहिली. यावरून फीनेंही तें काम होत नाहीं असें ठरतें. मग होतें कशानें?

कोलमन यांचें उत्तर असें कीं, कॅथॉलिक शाळेंतील मुलांचे आईबाप एकमेकांस ओळखत होते. रविवारीं एका चर्चमध्यें बसत, उपासाच्या शुक्रवारीं एका पंक्तीस मासळी खात, शाळेच्या मदतीसाठीं भरविलेल्या जत्रेंत एका दुकानावर उभे राहत. बाबूच्या बापास बंडूचा बाप ठाऊक, आणि दोघांसही मास्तर ठाऊक. मुलगा दुपारीं शाळा चुकवून तळ्यावर दिसला तर तो ज्याच्या दृष्टीस पडेल त्यास त्याचें घर माहीत असे आणि तो घरीं सांगावयास लाजत नसे. या परस्परांच्या ओळखीस कोलमन यांनीं १९८८ च्या एका लेखांत सामाजिक भांडवल असें नांव दिलें. त्या लेखांत सामाजिक भांडवलाचें पहिलें उदाहरण शाळेचें नाहीं, न्यूयॉर्कच्या हिरेबाजाराचें आहे. तेथें एक व्यापारी दुसऱ्याच्या हातीं हजारों डॉलरांच्या हिऱ्यांची पुडी पावतीवांचून देतो, तो घरीं नेऊन निवांत पारखतो आणि परत आणतो. आमच्या झवेऱ्यांस यांत नवल वाटणार नाहीं. त्यांचाही व्यवहार याच पतीवर चालत आलेला आहे. नवल हें कीं, जी पत आम्ही हिऱ्यांच्या पुडीसाठीं इतक्या निगुतीनें राखतों, ती मुलांच्या शिक्षणास लागते हें आमच्या ध्यानांतही येत नाहीं. त्याच लेखांत दुसरी एक गोष्ट आहे. अमेरिकेंतील एका भागांत आशियांतून आलेलीं कांहीं कुटुंबें प्रत्येक क्रमिक पुस्तकाच्या दोन प्रती विकत घेत. शाळेच्या अधिकाऱ्यांस कोडें पडलें. चौकशी करतां असें कळलें कीं, दुसरी प्रत आईसाठीं: मुलास शिकवितां यावें म्हणून ती स्वतः अभ्यास करीत होती.

या सिद्धांतावर आक्षेप पुष्कळ आले, आणि ते लपवून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मुख्य आक्षेप असा कीं, जो बाप पदरचे पैसे मोडून मुलास निराळ्या शाळेंत घालतो तो मुळांतच जागरूक. त्याचा मुलगा कोठेंही चमकला असता, त्याचें श्रेय शाळेस कां द्यावें? हा आक्षेप खोटा नाहीं. पुढें अर्थशास्त्रज्ञांनीं अधिक काटेकोर हिशेब मांडले, तेव्हां २००५ च्या एका प्रसिद्ध निबंधांत असें निघालें कीं, परीक्षेच्या गुणांवर कॅथॉलिक शाळांचा परिणाम फारसा सिद्ध होत नाहीं; पण मुलगा शाळा पुरी करतो कीं नाहीं आणि कॉलेजांत जातो कीं नाहीं, यावर मात्र तो चांगला दिसतो. डेरेक नील यांनीं १९९७ सालीं दाखविलें होतें कीं, हा लाभ सर्वांत जास्त कोणास झाला असेल तर मोठ्या शहरांतील कृष्णवर्णी व लॅटिन वंशाच्या मुलांस, म्हणजे ज्यांस दुसरा चांगला आसरा नव्हता त्यांस. म्हणजे हुशार मुलास अधिक हुशार करणें या शाळांस फारसें साधलें नसेल, पण निसटूं पाहणाऱ्या मुलाचा हात त्यांनीं सोडला नाहीं. आमच्या पालकांस पहिली गोष्ट हवी असते. आम्हांस दुसरी मोलाची वाटते.

आणखी एक कारण सांगण्यासारखें आहे. ब्रिक, ली व हॉलंड या तिघांनीं सात शाळांत प्रत्यक्ष बसून पाहिलें आणि १९९३ सालीं ग्रंथ लिहिला. सरकारी शाळांत विषयांचें मोठें दुकान मांडलेलें असे. हुशार गणला गेलेला मुलगा बीजगणित घेई आणि मंद गणला गेलेला सोपा हिशेब. कॅथॉलिक शाळेस इतके मास्तर परवडत नसत, म्हणून मजुराच्या मुलासही वकिलाच्या मुलाबरोबर तेंच बीजगणित आणि तेंच व्याकरण शिकावें लागे. जो मास्तर सकाळीं इतिहास शिकवी तोच संध्याकाळीं मैदानावर खेळ घेई. दारिद्र्यानें कधीं कधीं अशी कामें होतात कीं जीं श्रीमंतीस सुचत नाहींत.

आतां खर्चाची बाजू. हा कारभार इतक्या स्वस्तांत चालला, त्याचें कारण खातेवहींत एक रक्कम कधीं लिहिलीच गेली नाहीं. ती म्हणजे धर्मभगिनींचें वेतन. १९६५ सालीं अमेरिकेंत सुमारें एक लक्ष ऐशीं हजार धर्मभगिनी होत्या. त्यांतल्या पुष्कळ जणी निर्वाहापुरतें घेऊन, पन्नास पन्नास मुलांच्या वर्गांवर जन्मभर राबल्या. त्यांची संख्या आतां चाळीस हजारांच्या खालीं आली आहे. त्यांच्या जागीं संसारी शिक्षक आले; त्यांस घरभाडें आहे, मुलेंबाळें आहेत, त्यांस पुरा पगार देणें न्यायाचेंच. पगार वाढला तशी फी वाढली, फी वाढली तशीं गरिबांचीं मुलें गळालीं. आणि जुने आयरिश व इटालियन रहिवासी सुखवस्तु होऊन शहराबाहेर राहावयास गेले ते निराळेच. आज शाळा सहा हजारांच्या आंत आणि मुलें सतरा लक्षांच्या आसपास उरलीं आहेत. ब्रिनिग व गार्नेट यांनीं शिकागोच्या वस्त्यांचा अभ्यास करून २०१४ सालीं असें दाखविलें कीं, धर्मग्रामाची शाळा बंद पडली त्या वस्तींत पुढें शेजाऱ्यांचा परस्परांवरील विश्वास घटला आणि बेशिस्त व गुन्हे वाढले. त्याच शहरांत सरकारी पैशावर नव्या धर्तीच्या स्वायत्त शाळा निघाल्या, पण वस्तीवर त्यांचा तसा परिणाम त्यांस आढळला नाहीं. शाळा गेली म्हणजे केवळ वर्ग जात नाहींत, चार घरांस बांधणारी दोरी जाते.

पण याच दोरीनें गळाही आवळला जातो, हें सांगितल्यावांचून हें चित्र पुरें होणार नाहीं. २००२ सालीं बॉस्टन शहरांतील एका वृत्तपत्रानें कित्येक पाद्र्यांनीं बालकांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनीं त्यावर वर्षानुवर्षें घातलेलें पांघरूण उघडकीस आणलें. पुढच्याच वर्षीं तेथील धर्मप्रांतास साडेआठ कोटि डॉलरांची भरपाई कबूल करावी लागली. ज्या वस्तींत सर्व सर्वांस ओळखतात तेथें वडीलधाऱ्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या मुलास जागाच उरत नाहीं. आमच्या एकत्र कुटुंबांची आणि भावकीची रीति ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें अधिक फोडून सांगावयास नको. शेजार हवा, परंतु त्यास बाहेरची खिडकी हवी. दारावर अपरिचित तपासनीस आणि मुलास निर्भयपणें बोलतां येईल असें कोणी तरी माणूस हवें.

इतकें पाहून आपल्या गांवीं परत येऊं. आमचे पालक कॉन्व्हेंटांत जाऊन काय पदरांत घेतात? आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ते दुसऱ्याच्या शेजाराची फळें विकत घेऊं पाहतात, पण शेजारी होत नाहींत. मुलास फाटकापाशीं सोडून गाडी वळवितात. वर्गांतल्या दुसऱ्या मुलाच्या आईबापांचें नांव त्यांस ठाऊक नसतें; ठाऊक असतो तो केवळ त्याचा नंबर. आणि हें पाहूनच कीं काय, गांवोगांव अशा शाळा निघाल्या आहेत कीं ज्यांच्या पाटीवर कोणा तरी सेंटाचें नांव आहे, आंत ना पाद्री ना धर्मभगिनी. मालक तालुक्याचा ठेकेदार, गणवेषाचें दुकान त्याच्या मेहुण्याचें, आणि मास्तरांचा पगार हमालाहून कमी. कॅथॉलिक शाळांचें जें बाहेरचें तें यांनीं सर्व उचललें. आंतलें मात्र तेथेंच राहिलें.

कॅथॉलिक आणि इंग्रजी या दोन वस्तु एक नव्हेत, हें पाहण्यास अमेरिकेंतच गेलें पाहिजे असेंही नाहीं. वसईपर्यंत गेलें तरी पुरे. तेथील कॅथॉलिक समाज मराठींत प्रार्थना करितो, मराठींत 'सुवार्ता' काढतो. त्याच समाजांतील धर्मगुरु कै. फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादेस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आणि शेजाराची शाळा ही कांहीं परक्यांचीच विद्या नव्हे. वर ज्या सोसायटीचा उल्लेख केला तिच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें काम करण्याची शपथ घेतली होती. आणि बाहेरची कमाई घ्यावी कीं नाहीं या वादावरून टिळक १८९० सालीं बाहेर पडले, तेव्हां जेझुइट पाद्र्यांच्या त्यागाचें तत्त्व त्यांनीं पुढें मांडिलें होतें. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कालें येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यास सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवावयास बसविलीं. त्या मुलांच्या धान्यासाठीं लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. धर्मभगिनींच्या न लिहिलेल्या वेतनाचीच ती आमच्याकडील रक्कम होती. आज तसा त्याग कोणापाशीं मागावा असें आम्ही म्हणत नाहीं. मास्तरांस पोटभर पगार देऊन जें उरतें तेवढेंच मागतों, आणि तें पैशानें देतां येत नाहीं.

एक शब्द कॅथॉलिक संस्थांसही. न्यायालयानें २०१४ सालीं अल्पसंख्याकांच्या शाळांस शिक्षणहक्काच्या कायद्यांतून मोकळें केलें. म्हणजे खासगी शाळांस गरिबांसाठीं ज्या शेंकडा पंचवीस जागा राखाव्या लागतात त्याही यांस राखाव्या लागल्या नाहींत. वर उल्लेखिलेल्या आयोगाच्या अहवालांत अल्पसंख्याकांच्या सर्व शाळांत मिळून दुर्बल वर्गांतील मुलें शेंकडा नऊही भरलीं नाहींत. न्यूयॉर्कच्या गोदीमजुरांच्या पोरांसाठीं ज्यांच्या वडीलधाऱ्यांनीं शाळा काढल्या, त्यांनीं या आंकड्याकडे पाहून कायद्याची वाट पाहत बसूं नये.

राहिली शेटजींच्या घराजवळची शाळा. २००९ च्या त्याच कायद्यानें अशा शाळेस व्यवस्थापन समिति नेमणें भाग आहे; तींत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. या शाळेच्या मागील सभेस आमचा बातमीदार गेला होता. मुख्याध्यापक, एक शिक्षिका, शिपाई आणि धुणींभांडीं करणाऱ्या दोन बाया इतकीं माणसें हजर होतीं. त्या बायांपैकीं एकीनें मुलींच्या संडासाच्या कडीचा प्रश्न काढला व तो टिपून घेण्यांत आला. पुढील सभा येत्या शनिवारीं दुपारीं चार वाजतां आहे. शेटजींस आम्हीं चिठ्ठी दिली नव्हती. हा दिवस आणि ही वेळ मात्र एका कागदावर लिहून त्यांच्या पेढीवर पाठविली आहे.